वाणातल्या गोळ्या

ज्यांच्या घरी बीपीची गोळी आणि गुडघ्याची गोळी एकाच डब्यात पडलेली असते, त्यांनी हे वाचावं. म्हणजे जवळपास सगळ्यांनीच. यंदा उन्हाळ्याच्या तोंडाशी माझ्या दोन्ही किडन्या बंद पडायला आल्या होत्या, आणि त्याला निमित्त झालं संक्रांतीचं वाण. ऐकणारा आधी हसतो. आता मीही हसते. पण मी लिहायला बसले ते आजाराचं रडगाणं गायला कमी आणि माझ्या जावेचं कौतुक करायला जास्त. तिला कळलं तर ती हे कागद चुलीत घालील, म्हणून तिला न विचारताच लिहिते आहे.

मी सुनंदा. हिंगणीला राहते, अंगणवाडी सेविका आहे. गावातल्या बायकांना गोळ्या वेळेवर घ्या, तपासणीला चला, असं सांगत फिरणं हे माझं कामच. मला स्वतःला बीपी आहे. रोज सकाळी चहानंतर एक गोळी, कधी चुकवली नाही. गुडघ्यांचं मात्र काही खरं नव्हतं. अंगणवाडीत दिवसभर खाली बसायचं आणि उठायचं, सुट्टी मिळाली की शेतात हरभरा नाहीतर कापूस. उठताना माझ्या तोंडून इतके तऱ्हेतऱ्हेचे आवाज निघत की पोरं माझी नक्कल करत. मी रागवायची, पण नक्कल झकास असायची.

मंदाचं हळदीकुंकू

मंदा माझी चुलत जाऊ. आमच्या दोन घरांत एकच भिंत. तिचं माहेर जाम गावचं, तिथे तिच्या भावाचं औषधांचं दुकान आहे. तोंडानं फटकळ आणि हातानं सढळ, अशी ही बाई. कुणाच्या घरी आजारी माणूस असलं की पहिला डबा मंदाचा पोचतो, आणि डब्यासोबत दोन टोमणेही पोचतात.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आमच्याकडे घरोघर हळदीकुंकू चालतं. प्रत्येकीनं काही ना काही वाण लुटायचं. वर्षानुवर्षं त्याच गाळण्या, तेच कंगवे, त्याच प्लास्टिकच्या डब्या. माझ्या घरात गाळण्या इतक्या झाल्या आहेत की चहाच्या कपागणिक एक वापरावी.

यंदा मंदा म्हणाली, "गाळण्या कायले वाटाच्या बाई? साऱ्या बाया गुडघे धरून बसल्या हायेत. मी कामाची चीज देतो."

तिनं प्रत्येकीला एक छोटी स्टीलची डबी दिली. तिच्यात तिळाचे लाडू, गुडघ्याला चोळायची ट्यूब आणि दुखणं-सूज उतरवायच्या गोळ्यांची पाकिटं. तिच्या स्वतःच्या गुडघ्यांना भावानं दिलेल्या त्याच गोळ्यांनी आराम पडला होता. मंदाला बीपी नाही. आपल्याला लागू पडलं ते सगळ्यांना मिळावं, एवढाच तिचा हिशेब.

आणखी एक गोष्ट तिनं केली, जी आमच्या आळीत आजवर कुणी केली नव्हती. विधवा बायकांनाही तिनं बोलावलं. वच्छलामाय बोलावण्याला मान देऊन आली खरी, पण उंबऱ्याशीच बसली. तिचे मालक जाऊन कितीतरी वर्षं झाली. तेव्हापासून सणाला ती अशीच दाराशी बसते. मंदानं तिला हाताला धरून मधोमध पाटावर बसवलं, कपाळाला कुंकू लावलं आणि पदर लावून तिच्या ओटीत डबी ठेवली. दोघीतिघींनी एकमेकींकडे पाहिलं. मंदानं त्यांच्याकडे असं पाहिलं की त्या लाडू खाऊ लागल्या. वच्छलामायचा हात मात्र सारखा कपाळाकडे जात होता, कुंकू आहे की नाही बघायला. मला त्या दिवशी मंदाचा फार अभिमान वाटला.

वाण कुणी नाकारत नाही आणि वाया तर घालवतच नाही. मी जेवणानंतर रोज एक गोळी घ्यायला लागले. आणि खोटं कशाला बोलू, फरक पडला. पोरांना नक्कल करायला काही उरलं नाही. गोळ्या संपल्या की मंदा जामहून आणखी मागवायची. आळीतल्या बायका तिच्याकडे मीठ मागायला जावं तशा गोळ्या मागायला जात.

मी "नाही" म्हणाले

महिनाभरानं पाय सुजायला लागले. चपलेचा पट्टा काढला तरी त्याची खूण पायावर तशीच राहायची. उपकेंद्रात बीपी मोजलं तर वाढलेलं. सेलूच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी नीट तपासलं आणि विचारलं, "दुसरं कुठलं औषध सुरू आहे का?"

मी म्हणाले, "नाही."

हे खोटं नव्हतं. माझ्या डोक्यात औषध म्हणजे डॉक्टरनं चिठ्ठीवर लिहिलेलं. ही डबी तर देवघरात होती, हळदीकुंकवाच्या करंड्याशेजारी. ती मंदाची माया होती, वाण होतं. त्याला औषध कोण म्हणतं? डॉक्टरांनी त्यांना जेवढं कळलं त्यावरून बरोबरच केलं. बीपीची गोळी वाढवली, सुजेसाठी लघवी वाढवायची एक गोळी जोडली. मी तिन्ही गोळ्या शिस्तीनं घेत राहिले. गावाला शिस्त शिकवणारी बाई ना मी.

मग मार्चच्या उन्हात हरभरा काढायला गेले आणि वर एका लग्नाचं जेवण बाधलं. जुलाब, ओकाऱ्या. पाणीसुद्धा पोटात ठरेना. पडल्या पडल्या अंग दुखत होतं, म्हणून गुडघ्याची गोळी चालूच. पुढे ओकाऱ्या थांबल्या, तशी लघवीही थांबली. डोळ्यांसमोर अंधारी यायला लागली, तेव्हा आमच्या ह्यांनी शेजाऱ्याची गाडी काढायला लावली आणि मला वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात आणलं.

वॉर्डात

रक्ताचा रिपोर्ट आला. डॉक्टरांनी ह्यांना बाजूला नेलं, पण वॉर्डात बाजू कुठली असते? मला सगळं ऐकू आलं. किडनी काम करत नाहीये. उद्यापर्यंत लघवी वाढली नाही तर डायलिसिस करावं लागेल. ह्यांनी विचारलं, "कायमचं काय जी?" डॉक्टर म्हणाले, आत्ता सांगता येणार नाही.

हे परत आले आणि माझ्या पायाजवळची चादर घडी करायला लागले. घडी झाली की मोडायचे, पुन्हा करायचे. तीस वर्षांच्या संसारात या माणसानं चादरीला कधी हात लावला नव्हता.

मला खूप भीती वाटली. मरणाची कमी, मशीनची जास्त. शेजारच्या खाटेवरची बाई कित्येक महिन्यांपासून मशीनवर येत होती. हिंगणीहून वर्ध्याला असं आठवड्यातून किती वेळा आणि किती वर्षं यायचं, कोण आणणार, अंगणवाडीचं काय, हेच डोक्यात फिरत राहिलं. त्या बाईनंच माझा चेहरा पाहून आपल्या डब्यातला वरणाचा चमचा पुढे केला. डॉक्टरांनी मला पथ्य सांगितलं होतं, म्हणून मी खाल्लं नाही, पण तो पुढे आलेला चमचा मला आजही दिसतो.

संध्याकाळी एक तरुण डॉक्टरीण आली. तिनं तोच प्रश्न विचारला आणि मी तेच उत्तर दिलं. ती स्टूल ओढून बसली.

"मावशी, औषध राहू द्या. सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत तोंडात काय काय जातं, ते सांगा. चहा, सुपारी, देवाचा प्रसाद, शेजारणीनं दिलेलं, सगळं."

मी सांगत गेले. चहा, बीपीची गोळी, पोळीभाजी, दुपारी वरणभात, "मग वाणातली गोळी..."

तिचा पेन थांबला. "वाणातली?"

मी सगळं सांगितलं. ती हसली नाही, ओरडलीही नाही. आधी म्हणाली, "बरं झालं सांगितलंत." मग समजावलं. बीपीची गोळी जे काम करते, ते ही गुडघ्याची गोळी आतून खोडत जाते. म्हणून बीपी चढलं, पाय सुजले. वर लघवीची गोळी, वर जुलाबानं अंगातलं पाणी गेलेलं. सगळ्यांचा मार एकदम किडनीवर बसला. एकेकटी गोळी वाईट नव्हती, पण माझ्या अंगात त्यांची गाठ पडायला नको होती.

डॉक्टरांनी गुडघ्याची गोळी बंद केली. बीपीच्या गोळ्याही काही दिवस थांबवल्या. "हे आम्ही तुमच्यावर लक्ष ठेवून करतोय. घरी स्वतःच्या मनानं बीपीची गोळी कधी थांबवायची नाही," असं तिनं मला दोनदा म्हणायला लावलं. मी पोरांकडून कविता म्हणवून घेते तसं.

व्हरांड्यातलं बोलणं

दुसऱ्या दिवशी सकाळी मंदा बसनं आली. हातात ह्यांच्यासाठी डबा. माझी खाट दाराशीच होती, त्यामुळे व्हरांड्यातलं सगळं कानावर आलं.

मंदा माझ्या ह्यांच्या धाकट्या चुलत भावाची बायको. म्हणजे हे तिचे भासरे, थोरले दीर. लग्न होऊन आल्यापासून ती ह्यांच्यासमोर डोक्यावर पदर घेते आणि थेट कधी बोलत नाही. काही सांगायचं असेल तर भिंतीला सांगते आणि हेही भिंतीलाच उत्तर देतात.

हे रात्रभर धुमसत होते. "आता काऊन आली? देलं ना वाण? पाह्य तिचं काय झालं ते! गावभर गोळ्या वाटून राह्यली, डाक्टर झाली काय तू?"

मला वाटलं, आता ही रडेल, नाहीतर तिच्या स्वभावाप्रमाणे उलटून बोलेल. तिनं पदर सावरला आणि आयुष्यात पहिल्यांदा सरळ ह्यांच्याकडे पाहून विचारलं, "भाऊजी, माह्या गोळीनंच झालं, हे पक्कं हाय काय?"

"पक्कं हाय. डाक्टरीननं सांगतलं."

"मंग ते डाक्टरीन मले दाखवा."

ती तिथेच उभी राहिली. डॉक्टरीण राउंडला आली तशी तिच्यासमोर गेली. "म्याच देल्ल्या त्या गोळ्या, बाई. गावात आनखी कोनाकोनाले धोका हाय ते मले सांगा."

आपण दिलेलं विष ठरलं, हे कळल्यावर माणूस आधी स्वतःला वाचवतं. ही बाई आधी दुसऱ्यांची विचारपूस करत होती. डॉक्टरिणीनं सांगितलं की रोजच्या रोज, स्वतःच्या मनानं या गोळ्या कुणीच घेऊ नयेत. त्यातही बीपी, शुगर, किडनी, हृदयाचं दुखणं असलेल्यांनी आणि म्हाताऱ्या माणसांनी तर विचारल्याशिवाय हातही लावू नये.

"वच्छलामायले बीपी हाय," मंदा पुटपुटली. "तिचेही पाय सुजले हायेत."

डबा बाकावर ठेवून ती निघून गेली. मला भेटलीसुद्धा नाही. हे म्हणाले, "पळाली." मला फार लागलं ते. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

त्याच दुपारी लघवी सुटली. इथे लाजण्यासारखं काही नाही. मोजायच्या भांड्यात पाणी वर चढताना पाहून सिस्टरबाई हसल्या, डॉक्टरीण हसली, आणि हे व्हरांड्यात धावत गेले. नागपूरला आमच्या मुलीला लावलेला फोन साऱ्या वॉर्डानं ऐकला. "पल्लवी, तुया मायले लघवी झाली! गंज झाली!" आमच्याकडे गंज म्हणजे भरपूर. माझ्या दहावीच्या निकालाचंही एवढं कौतुक झालं नव्हतं.

मशीन लागलं नाही. रक्तातले आकडे हळूहळू उतरत गेले.

मंदा कुठे गेली होती

ते आम्हाला गावाकडच्या फोनवरून कळलं. ती बसमधून उतरली ती घरी न जाता थेट आळीत शिरली. ज्या ज्या घरी वाण दिलं होतं, त्या त्या अंगणात उभी राहून सांगत सुटली, "म्या देलेलं वाण खराब निघालं. गोळ्या वापस द्या. शिव्या मंग द्या."

बाहेरच्यांना याचं वजन कळणार नाही. दिलेलं वाण परत मागणं म्हणजे दिलेला आशीर्वाद परत मागणं. आमच्याकडे ते अशुभ, जिभेवरही आणू नये असं. एकीनं दार लावून घेतलं. एकीच्या सासूनं तिला अवदसा म्हटलं. एकीनं विचारलं, नवं वाण कोणतं देतेस त्याच्याऐवजी? मंदा दारातून हलली नाही. लावलेल्या दारासमोर ओट्यावर बसून राहिली, दार उघडेपर्यंत. प्रत्येकीला सुनंदाबाईंचं काय झालं ते सांगितलं, बीपी असलेल्यांना डॉक्टरकडे जायला लावलं आणि गोळ्या पदरात गोळा केल्या. दिवेलागणीला भावाला फोन करून सांगितलं की चिठ्ठीशिवाय आमच्या गावातल्या कुणालाही त्या गोळ्या द्यायच्या नाहीत, मलाही नाहीत. भाऊ रुसला. तिनं रुसू दिलं.

त्या रात्री ह्यांनी फोन ठेवला. मग बाकावरचा तिचा डबा उघडला आणि जेवले.

घरी आल्यावर

किडन्या सावरताहेत, पूर्ण सावरल्या नाहीत. तपासणी चालू आहे. गुडघे दुखतात, शेक घेते, दवाखान्यात शिकवलेले व्यायाम करते, अंगणवाडीत आता खुर्चीवर बसते. फार दुखलं तर डॉक्टरांनी सांगितलेली साधी गोळी, तीही विचारून. आणि कुठल्याही डॉक्टरांकडे गेले की घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून नेते, टेबलावर ओतते आणि म्हणते, हे सगळं पोटात जातं, आता बोला. तुम्हीही असंच करा. माया, वाण, प्रसाद, शेजारीण, पोटाला यातलं काही कळत नाही.

मी घरी आल्यावर मंदा पहिल्यांदा आली ती दारातच उभी राहिली. वाळली होती. माझी चौकशी केली, रडली नाही, माफीबिफी मागितली नाही. म्हणाली, "बाई, एक घर राह्यलं. वच्छलामाय ऐकत नाई. रोज जातो, रोज दार लावते. तुमाले पाहून तरी ऐकन."

मला धड चालवत नव्हतं. आतून हे म्हणाले, "तू हो पुढे मंदा, मी आनतो तिले गाडीवर." भिंतीला नाही, तिला म्हणाले, आणि या वेळी रागानं नाही.

वच्छलामायचं एका खोलीचं घर. ती खाटेवर पाय सोडून बसली होती आणि पाय असे सुजले होते की घोटे दिसत नव्हते. डबी देवाजवळ होती. मी माझे सलाईननं काळेनिळे पडलेले हात दाखवले, सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग मंदाकडे वळली.

"बाकीच्यायचं वापस घेतलं, ते देखावा हाय. मले नाई माहीत काय? माह्या कपायाले कुकू लावलं म्हून लोकं बोलले असतीन तुले. म्हून आता वापस मागून राह्यली."

"नाई वो माय."

"मरन आलं तं येऊ दे. मालक गेल्यापासून मले कोनी वाण देलं नव्हतं. हे मी देनार नाई."

किडनीचं कितीही समजावलं तरी हे दुखणं किडनीचं नव्हतं. मंदा खाटेसमोर जमिनीवर बसली आणि तिनं पदर पसरला.

"मंग वापस नका देऊ. वाण म्हून द्या. आज तुमच्या घरी हळदीकुंकू हाय, मी आली हाओ."

म्हातारीनं विचारलं, "माह्या हातचं? तुले चालन?"

"तुमच्याच हातचं पायजे."

वच्छलामाय उठली. भिंत धरत देवापर्यंत गेली, देवाच्या वाटीतलं हळदकुंकू घेतलं. इतक्या वर्षांत कुणाच्या कपाळाला बोट लावलं नव्हतं. कुंकू वाकडं लागलं, थोडं मंदाच्या नाकावर सांडलं. मग तिनं डबी उघडली, गोळ्यांची पाकिटं काढली आणि आपल्या पदराचं टोक लावून मंदाच्या ओटीत घातली. डबी झाकण लावून परत देवाजवळ ठेवली. "डबी नाई भेटनार," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मंदा तिला सेलूला घेऊन गेली. किडनीला थोडा मार बसला होता, पण वेळेत थांबलं, डॉक्टर म्हणाले. ते दुसऱ्या दिवसाचं. त्या दुपारी मात्र गावभर शिव्या खाऊन डोळ्यांतून टिपूस न काढलेली मंदा पदरातल्या गोळ्या धरून हमसाहमशी रडायला लागली, आणि वच्छलामाय तिची हनुवटी वर करून तिला दटावत होती, "तोंड खाली नको करू पोरी, कुकू पुसन. म्या लावलं हाय ते."